अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मोठं आतडं काढतात तेव्हा रुग्णाला काय काय अनुभवावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार) होऊन अकरा वर्षं झाली, स्टिरॉइडचा डोस कमी केला की पुन्हा रक्त पडायला लागतं, दोन बायोलॉजिक औषधं (सूज दाबणारी प्रथिनांची इंजेक्शनं) वापरून झाली आणि आता सर्जननी मोठं आतडं काढून टाकायचा सल्ला दिला आहे. या ऑपरेशनमध्ये प्रत्यक्ष काय सोसावं लागतं, पोटावरच्या पिशवीसह जगता येतं का आणि पुढे पस्तावा होतो का?

मी स्टोमा नर्स आहे. स्टोमा म्हणजे शौच बाहेर पडण्यासाठी आतड्याचं टोक पोटावर आणून केलेलं तोंड, त्यावर पिशवी लावतात. ऑपरेशन सर्जन करतात. पण आदल्या दिवशी पोटावर खूण करण्यापासून पुढचे कित्येक महिने पिशवी, कातडी, पाणी आणि झोप यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात, म्हणून उत्तर त्या बाजूने देते.

पस्ताव्याचं आधी सांगते, कारण खरी भीती तीच असते. ‘हे आधीच करायला हवं होतं’ असं माझ्याकडे येणारे बरेच जण म्हणतात, पण पहिल्या महिन्यात हे कुणीच म्हणत नाही. तेव्हा बहुतेकांना वाटतं, आपण हे काय करून बसलो. ज्यांना पुढेही तसंच वाटत राहतं त्यांच्यात मला दोन प्रकारचे लोक दिसतात. काहींचं ऑपरेशन घाईगर्दीत, इमर्जन्सीत झालेलं असतं. काहींनी आतला पाउच (गुदाशयाच्या जागी लहान आतड्याची शिवलेली पिशवी) करून घेताना आजाराआधीचं पोट परत मिळेल असं धरलेलं असतं. म्हणजे ऑपरेशन कधी होतं, तयारी किती झालेली असते आणि आपण त्याच्याकडून काय मागतो, यावर पुढचं बरंच ठरतं. तुमच्या हातात आत्ता या तिन्ही गोष्टी आहेत, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहायचं ठरवलं.

घाई का नको आणि उशीर का नको, दोन्ही सांगते. तीव्र झटका आला की रुग्णाला दाखल करून शिरेतून स्टिरॉइड देतात. साधारण तीन दिवसांत फरक पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची की सरळ ऑपरेशन करायचं, हे ठरवावं लागतं. तेव्हा रुग्ण रक्त कमी झालेला, वजन उतरलेला आणि रात्र रात्र जागलेला असतो. त्या अवस्थेत ऑपरेशन सोसणं फार जड जातं. तुम्ही आज चालते-फिरते आहात, तारीख ठरवू शकता. मधल्या आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढवता येतं, प्रथिनं पोटात जातील असं बघता येतं, धूम्रपान असेल तर थांबवता येतं. शिवाय आजाराला आठ वर्षं उलटली की नियमित कोलोनोस्कोपी करून कर्करोगाच्या आधीचे बदल शोधावे लागतात. अकरा वर्षांनंतर हा मुद्दा तुमच्या बाबतीतही आहेच. शेवटच्या बायोप्सीत काय आलं होतं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

स्टिरॉइडमुळे आणखी एक गोष्ट ठरते. रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) सहा आठवड्यांच्या वर चालू असेल तर आतड्याचे जोड नीट भरून न येण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णात बहुतेक सर्जन पहिल्याच फेरीत पाउच करत नाहीत, तीन टप्प्यांत काम करतात. पहिल्या टप्प्यात मोठं आतडं काढून लहान आतड्याचं टोक पोटावर आणतात, गुदाशय तसाच ठेवतात. काही महिन्यांनी स्टिरॉइड सुटलं आणि अंगात ताकद आली की दुसऱ्या टप्प्यात गुदाशय काढून लहान आतड्याचा पाउच बनवतात आणि तो भरून येईपर्यंत वरच्या बाजूला तात्पुरता स्टोमा ठेवतात. तिसऱ्या टप्प्यात तो स्टोमा बंद करतात. तीन ऑपरेशनं म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण पहिल्या टप्प्यानंतर थांबायची मुभा असते, हे फार थोड्यांना सांगितलं जातं. अनेकांना तेव्हा कळतं की आपल्याला स्टोमाचा त्रास नाही, पुढे काही करायचंच नाही. मात्र तसं कायमचं ठरवलं तर मागे राहिलेल्या गुदाशयाचं काय, हे सर्जनशी बोलावं लागतं, कारण त्यात आजार आणि कर्करोगाची शक्यता दोन्ही उरतात.

आता खूण करण्याबद्दल. तुमच्या बाजूने आग्रह धरावा अशी ही गोष्ट आहे. आम्ही रुग्णाला आधी झोपवतो, मग बसवतो, उभं करतो, वाकायला लावतो. झोपलेल्या माणसाचं पोट सपाट दिसतं. तोच माणूस खुर्चीत बसला की पोटाला घड्या पडतात, कधी एक, कधी तीन. पिशवीची कातडीला चिकटणारी चकती घडीत आली तर ती धरत नाही, गळते. म्हणून घडी, नाभी, बरगडीची कड, जुना व्रण आणि पँटचा पट्टा हे सगळं टाळून जागा शोधायची आणि रुग्णाला स्वतःला खाली बघून ती दिसतेय का, हे विचारायचं. दिसली नाही तर पुढे रोज आरशात बघून काम करावं लागतं. मग पेनाने ठिपका देतो. वीस मिनिटांचं काम आहे, पण त्यावर पुढची वर्षं अवलंबून असतात. तुम्हाला खूण करायला कुणी आलं नाही, तर भूल देण्याआधी मोकळेपणाने विचारा.

शुद्धीवर येताना काय दिसेल ते आधीच माहीत असलं तर भीती कमी होते. हाताला सलाइन, लघवीसाठी कॅथेटर, बहुधा पोटात साचणारं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी, कधी नाकातूनही नळी, आणि पोटावर पारदर्शक पिशवी. दुर्बिणीने ऑपरेशन झालं असेल तर खांदा दुखतो. रुग्ण घाबरतात, की पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतोय. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चुरचुरतं आणि ती कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत थांबते. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतील, थोडं चालवतील. ते आवडणार नाही, तरी चालाच. कोलायटिसच्या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनंही देतात आणि बऱ्याच ठिकाणी ती घरी गेल्यावरही काही आठवडे चालू ठेवतात.

तिसरा-चौथा दिवस सगळ्यात वाईट असतो, निदान माझ्या पाहण्यात. आतडी अजून नीट हलत नसतात, पोट फुगतं, उलटी होते, भेटायला आलेले लोक ‘आता बरं वाटत असेल ना’ म्हणतात आणि रुग्णाला रडू येतं. त्याच सुमारास स्टिरॉइडचा डोसही उतरवायला घेतलेला असतो. स्टिरॉइड एकदम बंद करता येत नाही. शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल (शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं थांबवलेलं असतं, त्यामुळे ते हळूहळूच कमी करावं लागतं. कमी होताना सांधे दुखतात, अंगात त्राण उरत नाही, मन खचतं. हे औषध उतरत असल्याचं आहे, ऑपरेशन फसल्याचं नाही, असं मी प्रत्येकाला आधीच सांगून ठेवते. मात्र ताप, नाडी खूप जलद होणं किंवा पोटातली कळ वाढत जाणं याला या खात्यात टाकू नका, लगेच सांगा.

पहिल्या टप्प्यानंतर आणखी एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते. पोटावर पिशवी आहे, तरी खालून शौचाची भावना येते, कधी शेंबडासारखा स्राव आणि थोडं रक्तही पडतं. गुदाशय आत आहे, त्यातला आजार आहे, म्हणून असं होतं. टॉयलेटवर बसून तो स्राव जाऊ द्या, संकोच करू नका. पण रक्त फार पडू लागलं किंवा ताप आला तर कळवा.

आता स्टोमा. पहिल्यांदा बघायला अनेक जण दिवसभर टाळतात. मी घाई करत नाही, फक्त पिशवी बदलताना काय करतेय ते बोलत राहते. मग कुणीतरी हळूच मान वळवून बघतं. दिसतो तो लालभडक, ओलसर, तोंडातल्या अस्तरासारखा, कातडीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर आलेला. हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात. पुसताना थोडं रक्त येणं नेहमीचं आहे. काळपट किंवा निळा दिसला तर मात्र तातडीने सांगायचं.

स्टोमा असा वर आलेला असतो, त्याचं श्रेय इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे सर्जन ब्रायन ब्रुक यांच्याकडे जातं. १९५२ मध्ये त्यांनी आतड्याचं टोक उलटं दुमडून शिवायची पद्धत मांडली. त्याआधी टोक कातडीच्या पातळीला सोडायचे, लहान आतड्यातला पाचक रस सरळ कातडीवर पडायचा आणि कातडी सोलून निघायची. आजही पिशवीच्या चकतीचं भोक मोठं कापलं तर हेच होतं. म्हणून भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा, त्याहून जास्त नाही. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, म्हणून दर आठवड्याला मोजा. मागच्या महिन्याच्या मापाने कापत राहणाऱ्यांची कातडी मी सतत बघते. चकतीखाली खाज किंवा आग झाली तर पिशवी बदलायच्या दिवसाची वाट बघू नका. चकतीखाली गळती सुरू झाल्याचं ते लक्षण असतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. पूर्ण भरू दिली तर वजनाने चकती सुटते, आणि ती नेमकी झोपेत सुटते.

पाण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नव्या स्टोमाचे रुग्ण पुन्हा दाखल होतात त्याचं मोठं कारण शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होणं हे असतं. पाणी आणि मीठ शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. ते काढल्यावर सुरुवातीला दिवसाला एक-दीड लिटर पातळ स्राव बाहेर पडू शकतो. पुढे लहान आतडं सरावतं आणि तो साधारण ५०० ते ८०० मिलिलिटरवर येतो. स्राव दीड लिटरच्या वर राहू लागला की रुग्णाला तहान लागते, तो साधं पाणी ढसाढसा पितो, आणि स्राव आणखी वाढतो. विचित्र वाटतं, पण खरं आहे. लहान आतड्याच्या वरच्या भागात साधं पाणी गेलं की आतडं स्वतःचं मीठ त्यात सोडतं आणि ते सगळं पिशवीत येतं. अशा वेळी साधं पाणी, चहा, फळांचे रस कमी करून मीठ आणि ग्लुकोज असलेलं द्रावण घोट घोट घ्यायचं असतं. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाचं प्रमाण जगभर वापरतात: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. चव खारट लागते, थंड करून घेतलं तर जातं. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवी गडद आणि कमी होणं, पायात गोळे येणं, उठताना चक्कर येणं, ही लक्षणं घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा. लोपेरामाइड (आतड्याची हालचाल मंद करून स्राव कमी करणारं औषध) लिहून दिलं असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. जेवणानंतर घेतलं तर तेवढा उपयोग होत नाही.

खाण्याचं थोडक्यात. पहिले सहा आठवडे पोटाच्या भिंतीतून आतडं येतं तिथे सूज असते, वाट अरुंद असते. मका, मशरूम, सुकामेवा, चिवट साली आणि धागे तिथे अडकतात. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा, भरपूर चावून चालू करा. पाच-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, पोटात पिळवटून येतंय आणि उलट्या होतायत, असं झालं तर घरी उपाय करत बसू नका. आणि गोळ्या नीट बघा. वरून विशेष आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधी कधी अख्ख्या पिशवीत येतात, म्हणजे त्यातलं औषध अंगी लागलेलंच नसतं. तुमची नेहमीची औषधं स्टोमाच्या दृष्टीने एकदा तपासून घ्या.

पिशवी लावून काम, प्रवास, पोहणं, शरीरसंबंध हे सगळं करता येतं. जड उचलणं मात्र सहा ते आठ आठवडे टाळायचं, कारण स्टोमाशेजारी हर्निया होतो आणि तो पुढे त्रास देतो. माझ्या शब्दांपेक्षा स्टोमा असलेल्या माणसाशी अर्धा तास बोललात तर जास्त उपयोग होईल. आमच्या पेशाची सुरुवातच तशी झाली. नॉर्मा गिल यांना कोलायटिस होता, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांचं ऑपरेशन केलं आणि १९५८ मध्ये त्यांनाच इतर रुग्णांना शिकवायला कामावर घेतलं. बऱ्या झालेल्या रुग्णाला काय विचारलं जातं, ते डॉक्टरांना कुणी विचारत नाही: रात्री कुशीवर झोपता येतं का, वास येतो का, जोडीदाराला कसं सांगितलं. सर्जनना सांगा, असा कुणी तयार असेल तर भेट घालून द्या.

राहिला पाउच. १९७८ मध्ये लंडनचे सर्जन ॲलन पार्क्स आणि जॉन निकल्स यांनी लहान आतड्याच्या टोकाची पिशवी शिवून ती आतूनच गुदद्वाराला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी ‘जे’ आकाराचा सोपा पाउच आणला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच करतात. त्यामुळे कायमची बाहेरची पिशवी टळते, आणि अनेकांना एवढंच पुरेसं असतं. पण पाउच म्हणजे गुदाशय नव्हे. स्टोमा बंद झाल्यावर पहिले काही आठवडे दिवसाला दहा-पंधरा वेळा जावं लागतं आणि गुदद्वाराची कातडी भाजल्यासारखी होते. ती सोलल्यावर मलम लावण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून कातडी वाचवणाऱ्या मलमाचा थर देऊन ठेवा. पाउच हळूहळू ताणतो, तुम्ही थांबून धरायला शिकता, आणि वर्षभरात बहुतेकांचं दिवसाला चार ते आठ वेळा असं बसतं, त्यात कधी रात्रीची एक फेरी. घट्ट बांधलेली शौच येत नाही. पण आत्ताची ती जीवघेणी धावपळ, दोन मिनिटांत शौचालय सापडलं नाही तर संपलं, ही जाते. बऱ्याच जणांना नेमकं हेच मोलाचं वाटतं.

पाउच केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी पाउचला सूज येते. फेऱ्या वाढतात, पोटात कळ येते, बारीक ताप येतो. बहुतेकांना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या कोर्सने बरं वाटतं, थोड्यांना ती वारंवार होते, आणि काहींचा पाउच शेवटी काढावाही लागतो. ओटीपोटाच्या खोल भागातल्या शस्त्रक्रियेमुळे स्त्रियांना गर्भ राहायला अडचण येऊ शकते, म्हणून मूल हवं असलेल्या काही जणी पहिल्या टप्प्यावर थांबतात, बाळंतपणं उरकतात आणि मग पाउच करतात. पुरुषांत तिथल्या नसांना इजा होऊन ताठरतेवर आणि वीर्यस्खलनावर परिणाम होण्याचा धोका थोडा का होईना असतो. हा विषय रुग्णही काढत नाहीत आणि कधी डॉक्टरही. तुम्ही काढा.

माझं मत विचाराल तर रात्रीची झोप आणि निश्चिंतपणा ज्यांना सगळ्यात मोलाचा आहे, त्यांना चांगल्या जागी केलेला कायमचा स्टोमा पाउचपेक्षा कमी त्रासाचा जातो. पाउच हा वरच्या दर्जाचा आणि स्टोमा हा खालच्या दर्जाचा पर्याय, असं समजून ठरवू नका.

आणि ऑपरेशनने काय जाणार नाही तेही माहीत असू द्या. कोलायटिसच्या झटक्यांबरोबर सुजणारे गुडघे, घोटे बहुतेकदा आतडं काढल्यावर शांत होतात. पण मणक्याचा संधिवात किंवा पित्तनलिकांचा स्क्लेरोझिंग कोलांजायटिस (त्या सुजून अरुंद होत जाण्याचा आजार) असेल तर तो आपल्या वाटेनेच चालतो, त्याची तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

पुढच्या भेटीत सर्जनना चार गोष्टी विचारा: माझ्या बाबतीत टप्पे किती आणि का, तुम्ही स्वतः पाउचची ऑपरेशनं नियमित करता का, खूण कोण करणार, आणि घरी गेल्यावर रात्री दोन वाजता स्राव दीड लिटरच्या वर गेला तर फोन कुणाला करायचा. चौथ्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या. आणि खूण करायच्या दिवशी नेहमी घालता तीच पँट आणि पट्टा घालून जा.